मनातली तालीम: खेळात आणि रोजच्या कामात ती नीट कशी करायची

13 ऑगस्ट 2008. बीजिंग ऑलिंपिकमधली 200 मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत. मायकल फेल्प्सने सूर मारला आणि त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं. शेवटच्या टप्प्यात त्याला ना तळावरची रेघ धड दिसत होती, ना समोरची भिंत. पण एका फेरीला आपल्याला किती हात मारावे लागतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हात मोजत राहिला, आकडा पुरा होताच भिंतीला हात टेकला, गॉगल उपसून काढला आणि फलकाकडे पाहिलं. वेळ होती 1 मिनिट 52.03 सेकंद. सुवर्णपदक, आणि विश्वविक्रमही.

त्यामागे वर्षानुवर्षांचं पोहणं होतं, हे उघडच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक सवय होती. फेल्प्स शाळकरी असल्यापासून त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर संपूर्ण शर्यत मनात टेप लावल्यासारखी बघायला सांगत. मनातल्या त्या शर्यती कधी बिनचूक असत, तर कधी बिघडलेल्या: पोशाख फाटला, गॉगल निकामी झाला, मग पुढे काय करायचं?

या सवयीला सगळे व्हिज्युअलायझेशन म्हणतात. मी तिला मनातली तालीम म्हणेन. ती कोणालाही शिकता येते, तिला खर्च नाही, आणि तरीही बहुतेक जण ती चुकीच्या पद्धतीने करतात याची मला फार रुखरुख वाटते. डोळे मिटतात आणि गळ्यात पदक पडलंय, टाळ्या वाजताहेत, नोकरीचं पत्र हातात आलंय असं बघत बसतात. हे मनातले मांडे झाले. त्याने पोट भरत नाही, उलट भूक मरते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी परीक्षेला बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांना रोज उत्तम गुण मिळाल्याचं चित्र मनात आणायला सांगितलं, तर काहींना स्वतः अभ्यास करत असल्याचं. अभ्यास डोळ्यांसमोर आणणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. नुसते गुण बघत बसलेल्यांचा प्रत्यक्ष अभ्यासच कमी झाला होता. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनातूनही हेच पुढे येतं: यशाच्या सुखद कल्पनेत रमलं की मन जणू काम झाल्यासारखं सैलावतं आणि मेहनतीचा जोर उतरतो.

म्हणून या लेखात जिथे जिथे 'मनात बघा' असं म्हटलंय, तिथे करण्याची कृती बघायची आहे, मिळण्याचा क्षण बघायचा नाही.

याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण मर्यादेत. ती मर्यादा आधीच कळलेली बरी.

1992 मध्ये ग्वांग युए आणि केली कोल यांनी करंगळीच्या ताकदीवर एक प्रयोग केला. एका गटाने चार आठवडे करंगळी जोर लावून बाजूला रेटण्याचा खरा व्यायाम केला. त्यांची ताकद सुमारे 30 टक्के वाढली. दुसऱ्या गटाने स्नायू न हलवता तोच जोर फक्त मनात लावला. त्यांची ताकद सुमारे 22 टक्के वाढली. मनात जोर लावून स्नायू काही जाड होत नाहीत. वाढ झाली ती मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या आदेशात. 1995 मध्ये अल्वारो पास्क्वाल-लिओने यांनी पियानोवर पाच बोटांचा एक धडा लोकांना शिकवला. पाच दिवस रोज दोन तास तो धडा फक्त मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही बोटांचा ताबा असलेला भाग प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखाच विस्तारलेला दिसला. वाजवण्यात मात्र ते मागे होते. पण नंतर एकदाच प्रत्यक्ष सराव केल्यावर त्यांनी बरंचसं अंतर भरून काढलं.

1994 मध्ये ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्याचं सार असं: मनातली तालीम काहीच न करण्यापेक्षा नक्कीच चांगली, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. ज्या कामात क्रम, निर्णय, अंदाज असतो तिथे फायदा जास्त, निव्वळ ताकदीच्या कामात कमी. एका बैठकीत वीसेक मिनिटांपलीकडे ताणून उपयोग नाही. आणि तालीम थांबवली की दोनेक आठवड्यांत परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो.

पायरी 1: एकच छोटी कृती निवडा

'माझा खेळ सुधारायचाय' यावर तालीम होत नाही. 'बॅडमिंटनमधली माझी शॉर्ट सर्व्हिस' यावर होते. कृतीला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट हवा, आणि नवख्याने ती अर्ध्या मिनिटात संपेल एवढीच घ्यावी. फुटबॉलची पेनल्टी किक, बास्केटबॉलचा फ्री थ्रो, गोल्फचा पट (चेंडू भोकात ढकलण्याचा हलका फटका), गाडी उलटी घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावणं, भाषणाची पहिली चार वाक्यं.

एक अट आहे. ती कृती तुम्हाला निदान ढोबळमानाने नीट करता आली पाहिजे. कधी पोहलाच नसाल, तर मनातलं पोहणं चुकीचंच असणार, आणि चुकीची तालीम केली तर चूकच पक्की होते. अशा वेळी आधी शिका, एखाद्या जाणत्या माणसाला जवळून बघा, मग मनात उतरवा.

पायरी 2: कागदावर उतरवा

ही पायरी लोक टाळतात, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त कामाची आहे असं माझं मत आहे. लिहायला बसलं की कळतं, आपल्याच कृतीचा मधला भाग आपल्याला धड माहीत नाही.

बॅडमिंटनच्या दुहेरीतली बॅकहँडची शॉर्ट सर्व्हिस घेऊ, म्हणजे नेट ओलांडून लगेच पुढच्या लाइनपाशी पडणारी. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण लिहितात: 'मी शांतपणे सर्व्हिस करतो, शटल नेटला चाटून जातं.' यात करण्यासारखं काहीच नाही. आता हे वाचा:

'मी शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या अगदी मागे, मधल्या रेषेजवळ उभा आहे. उजवा पाय पुढे, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर. ग्रिप किंचित ओलसर लागतेय. अंगठा ग्रिपच्या रुंद बाजूवर सपाट टेकलाय, बाकीची बोटं सैल. डाव्या हाताच्या चिमटीत शटलची पिसं, पिसाची कड बोटाला जाणवतेय. बूच रॅकेटच्या जाळीसमोर, कमरेच्या उंचीवर. समोरचा पुढे झुकलाय, त्याची रॅकेट वर आहे. ते दिसतंय, पण माझी नजर नेटच्या पांढऱ्या पट्टीवर येते. श्वास सोडतो. खांदा जागच्या जागी, मनगट घट्ट नाही. अंगठ्याने पुढे ढकलतो, मारत नाही. हलका टप् असा आवाज. शटल पट्टीच्या जरा वरून जातं, नेट ओलांडलं की लगेच खाली झुकतं, समोरच्या लाइनवर. माझी रॅकेट वर आलेली आहे, मी पुढच्या फटक्याला तयार.'

यात काय काय आलं बघा. हाताला काय लागतंय, स्नायू कुठे ताणलेला आणि कुठे सैल, नजर कुठून कुठे गेली, श्वास कधी सोडला, आवाज कसा आला. दिसणं हा त्यातला एकच भाग. कृती शटल पडल्यावर संपली नाही, पुढच्या फटक्याच्या तयारीपाशी संपली. सामन्यात ती तिथेच संपते. आणि सगळं वर्तमानकाळात, 'मी' म्हणून.

पायरी 3: आडवे पडू नका

झोपून, मंद संगीत लावून, अंग सैल सोडून व्हिज्युअलायझेशन करायचं, ही समजूत सगळीकडे आहे. मन शांत करायला ते ठीक. कृती सुधारायला मात्र पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांनी 2001 मध्ये मांडलेली पद्धत जास्त उपयोगी पडते. तिचा गाभा सोपा आहे: मनातली तालीम प्रत्यक्ष कृतीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. शरीराची ठेवण तीच, जागा शक्य असेल तर तीच, हातात साधन तेच, वेग तोच, मनाची अवस्थाही तीच.

म्हणजे उभे राहा. खेळायचे बूट घाला. रॅकेट हातात घ्या. कोर्टवर जाता येत असेल तर कोर्टच्या कडेला उभं राहून करा, नसेल तर त्या कोर्टचा फोटो समोर ठेवा. ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर मॅथ्यू हेडन सामन्याआधी खेळपट्टीवर जाऊन अनवाणी बसायचा आणि उद्या येणारी गोलंदाजी तिथेच बसून मनात खेळायचा. फुटबॉलपटू वेन रूनी सामन्याच्या आदल्या रात्री संघाचं कपड्यांचं काम बघणाऱ्याला विचारून घ्यायचा की उद्या आपण कुठल्या रंगाची जर्सी आणि मोजे घालणार आहोत. मनातल्या चित्रातही तोच रंग हवा म्हणून. ब्रिटनच्या हवाई दलाचं रेड ॲरोज कसरत पथक उड्डाणाआधी टेबलाभोवती बसून, डोळे मिटून, हाताने विमान वळवण्याची काल्पनिक दांडी हलवत अख्खी कसरत पार पाडतं.

हात हलवायचे की नाही? खुशाल हलवा. बारीक हालचालीने लय पकडायला सोपं जातं.

पायरी 4: आतून बघा, मग हवं तर बाहेरून

आतून म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी: समोर नेट, खाली आपलेच हात. बाहेरून म्हणजे कोणीतरी आपलं चित्रीकरण केलंय आणि आपण ते बघतोय. ठरलेली एकच कृती पक्की करायला आतून बघावं. जिम्नॅस्टिक्स, नृत्य, डायव्हिंगसारख्या प्रकारांत, जिथे शरीराचा आकार कसा दिसतो यालाच महत्त्व असतं, तिथे बाहेरूनही बघणं फायद्याचं ठरतं. काहींचं मन सारखं या दोन्हींत उड्या मारतं. त्याची काळजी करू नका. फक्त अंगाला होणारी जाणीव सुटू देऊ नका.

पायरी 5: घड्याळ लावा

खऱ्या कृतीला लागणारा वेळ मोजा. मग डोळे मिटून तीच कृती मनात करा आणि तोही वेळ मोजा. ओळखीची कृती नीट मनात आली, तर दोन्ही वेळा बऱ्याच जवळ येतात. मनातली कृती निम्म्या वेळात आटोपत असेल, तर तुम्ही मधले तुकडे गाळताय. बहुतेकदा गाळला जातो तो तयारीचा भाग: श्वास, पायांची ठेवण, नजर. कागद काढा आणि कुठली ओळ सुटली ते शोधा. एखादा अवघड टप्पा समजून घ्यायला मनात गती कमी करायला हरकत नाही, पण बैठकीचा शेवट नेहमी खऱ्या वेगातल्या फेरीने करा.

पायरी 6: धडधड आत येऊ द्या

तालमीत सगळं गार, शांत. सामन्यात मात्र छाती धडधडतेय, तोंड कोरडं पडलंय. मग मनातली सर्व्हिस ऐनवेळी सापडत नाही, कारण ती वेगळ्याच माणसाने केली होती. म्हणून कागदावर धडधडही लिहा. '20-20, माझी सर्व्हिस, हाताचे तळवे घामेजले आहेत. रॅकेट डाव्या हातात घेऊन उजवा तळवा पुसतो. श्वास सोडतो. नजर पट्टीवर.' भीती घालवायची नाही. भीती असताना हात काय करतील ते ठरवायचं.

पायरी 7: बिघाडाचीही तालीम करा, पण दुरुस्तीपर्यंत न्या

इथेच फेल्प्सचा गॉगल येतो. तुमच्या कृतीत खरोखर घडू शकतील असे दोन-तीन बिघाड निवडा. त्याहून जास्त नकोत, नाहीतर तालमीऐवजी काळजी करण्याचीच सवय होईल. प्रत्येक बिघाडाला 'असं झालं, तर मी हे करेन' असं एक वाक्य जोडा. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा 'जर-तर' वाक्यांवर पुष्कळ काम केलंय. आधी ठरवलेलं उत्तर ऐनवेळी विचार न करता हाताशी येतं. 'सर्व्हिस नेटमध्ये गेली, तर मी अंगठ्याची ठेवण तपासेन आणि पुढचा गुण सुरू होण्याआधी एक श्वास सोडेन.' मनात बिघाड बघा, लगेच दुरुस्ती बघा, आणि नंतरचा गुण नीट खेळलेला बघा. बिघाडावर चित्र थांबवून उठू नका.

हे सांगण्याचं कारण आहे. 1985 च्या एका अभ्यासात गोल्फचा पट मारण्याआधी चेंडू भोकाच्या शेजारून निसटतोय असं मनात आणणाऱ्यांची कामगिरी प्रत्यक्षात खालावली. मनात शेवट काय ठेवला जातो याला फार महत्त्व आहे. त्याच कारणाने 'नेटमध्ये मारायची नाही' अशी सूचना स्वतःला देऊ नका. त्यात नेट दिसतंच. 'पट्टीच्या वरून ढकल' असं म्हणा.

आता एक अडचण, जी जवळजवळ प्रत्येकाला येते: मनातलं शटलही नेटमध्येच जातं. कितीही ठरवलं तरी. अशा वेळी जोर लावून चित्र बदलू नका. शेवट सोडून द्या आणि आधीचा तुकडा घ्या, नुसता अंगठा आणि श्वास. तो स्पष्ट झाला की ढकलण्यापर्यंत या आणि तिथेच थांबा. शटल कुठे पडलं ते बघूच नका. नंतर कोर्टवर जाऊन चार चांगल्या सर्व्हिस प्रत्यक्ष करा, आणि त्यातली शेवटची अंगात ताजी असताना डोळे मिटून तीच परत बघा. ही खरी आठवण असते, म्हणून ती टिकते.

पायरी 8: प्रत्यक्ष सरावाशी जोडा

वेगळा तास काढायची गरज नाही. दोन खऱ्या सर्व्हिसमध्ये एक मनातली घाला: मनात एक, हाताने एक. शिवाय रोज पाच ते दहा मिनिटांची एक बैठक, तीही उभ्याने. आठवड्यातून एकदा कागद काढून बघा. खेळ बदलतो तसा मजकूर बदलला पाहिजे. पहिल्या महिन्यात 'अंगठा सपाट' ही ओळ लागते, नंतर ती आपोआप होते आणि जागा 'समोरच्याची रॅकेट कुठे आहे' या ओळीला द्यावी लागते. जुना कागद घोकत राहिलात तर सुधारणा अडते.

रोजच्या कामात

पद्धत तीच, फक्त मैदान बदलतं.

भाषण किंवा सादरीकरण असेल तर अख्खं मनात म्हणत बसू नका. तीन जागांची तालीम करा: उठून पुढे जाऊन पहिलं वाक्य बोलणं, सगळ्यात अवघड मुद्दा, आणि ऐनवेळी शब्द न सुचणं. तिसऱ्याचं 'जर-तर' असं: 'शब्द अडला, तर मी थांबेन, पाण्याचा घोट घेईन आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हणेन.' तो घोट मनात खरोखर घ्या. ग्लासचा गारवा, गिळणं, त्या दोन-तीन सेकंदांची शांतता. ती शांतता आधी अनुभवली असेल तर प्रत्यक्षात जीवघेणी वाटत नाही. जमेल तर आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन उभे राहा.

अवघड बोलणं, म्हणजे वरिष्ठांकडे पगारवाढ मागणं किंवा घरच्या माणसाला नाही म्हणणं. यात समोरची व्यक्ती काय बोलेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून संपूर्ण संवाद रचू नका. मनातल्या मनात भांडणच होईल. तालीम फक्त आपल्या बाजूची: पहिलं वाक्य, आवाजाची पट्टी, समोरचा चिडला तर आपण करणार असलेली एक गोष्ट. ती गोष्ट गप्प राहून ऐकणं हीसुद्धा असू शकते.

सवय लावायची असेल, उदाहरणार्थ सकाळी धावायला जाणं, तर धावण्याचं चित्र नको. खरी अडचण असते गजर आणि बूट यांच्यामधल्या मिनिटात. त्या मिनिटाची तालीम रात्री करा: गजर वाजला, पांघरूण दूर केलं, पाय गार फरशीवर टेकले, बूट दाराजवळ आहेत. अभ्यासाचंही तसंच: खुर्ची ओढली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, वही उघडली, पहिलं गणित लिहिलं.

गाडी चालवताना किंवा लक्ष लागणाऱ्या कुठल्याही कामात डोळे उघडे ठेवूनही ही तालीम करू नका.

दुखापतीत

पाय प्लास्टरमध्ये असताना खेळाडूचं कौशल्यच नव्हे, हिंमतही गळते. या काळात रोजची छोटी बैठक खूप आधार देते. तालीम कौशल्याची करा: पदलालित्य, निर्णय, प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखणं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी दिलेल्या व्यायामांचीही मनात फेरी करता येते. मात्र दुखापत झाली तो क्षण पुन्हा पुन्हा समोर येत असेल, झोप उडत असेल, तर हा लेख पुरेसा नाही. क्रीडा मानसशास्त्रज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा.

मनात चित्रच येत नसेल तर

काहींना डोळे मिटले की अंधारच दिसतो. फ्रान्सिस गॅल्टन यांनी 1880 मध्येच याची नोंद केली होती. 2015 मध्ये ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी त्याला अफँटेझिया हे नाव दिलं. हा दोष नव्हे आणि आजारही नव्हे. अशा माणसाने चित्राचा हट्ट सोडावा. पायरी 2 मधला कागद हळू आवाजात, खऱ्या लयीत वाचावा आणि प्रत्येक ओळीला अंगात काय जाणवतं तिकडे लक्ष द्यावं: अंगठ्याखालची ग्रिप, चवड्यावरचं वजन, सुटलेला श्वास. आपल्याच चांगल्या सर्व्हिसचा छोटा व्हिडिओ फोनवर घ्यावा, तो बघावा, फोन ठेवावा आणि लगेच हाताच्या बारीक हालचालीने तीच लय धरावी. व्हिडिओ सामन्यातलाच हवा असं नाही. सरावातली एक नीट जमलेली सर्व्हिस, बाजूने आणि हाताच्या उंचीवरून घेतलेली, पुरते.